परसदारातील तांबूस अंडी

नांदेड-लातूरकडील परसदारी गावरान कोंबडीच्या सोबतीस हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत संकरातून सिद्ध झालेल्या वनराजा व ग्रामप्रिया या जाती आल्या असून, त्यांच्या अंड्यांचा तांबूस वर्ण हा केवळ कवचातील रंगद्रव्याचा परिणाम होय, पोषणमूल्य मात्र कोंबडीच्या आहारावर अवलंबून असते, हे ध्यानात घ्यावे.

पिले दाखल होताच पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उबेची तजवीज करावी, पुढे ती दर आठवड्यास तीन अंशांनी उतरवावी, आणि मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंबाने घालण्यात हयगय करू नये. संकरित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावीत, म्हणजे २१ दिवसांत त्या मातेच्या पंखाखाली नवा जीव किलबिलू लागेल.