लेस्टरचे लोहमार्ग : छायाचित्रांतून दिसणारा इतिहास

इंग्लंडच्या मध्यभागांतील लेस्टर हें शहर एके काळीं मोजे व पादत्राणें यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होतें. आगगाडीच्या इतिहासांतही त्याचें स्थान लहान नाहीं. कोळशाच्या वाहतुकीसाठीं लेस्टर–स्वॉनिंग्टन हा लोहमार्ग १८३२ सालीं सुरू झाला. १८४१ च्या ५ जुलै रोजीं टॉमस कुक यानें मद्यपाननिषेधाच्या सभेसाठीं सुमारें ५०० लोकांना माणशीं एका शिलिंगांत लफबरो येथें नेऊन परत आणलें. सहलींच्या व्यवसायाचा आरंभ पुष्कळजण येथूनच मानतात. छायाचित्रणकला तेव्हां बाल्यावस्थेंत होती. म्हणून हा आरंभ लेखांवरून व रेखाचित्रांवरूनच कल्पावा लागतो.

शतकाच्या अखेरीस झालेल्या ग्रेट सेंट्रल रेल्वेची गोष्ट मात्र निराळी आहे. लंडनकडे जाणाऱ्या या मार्गाचें बांधकाम १८९४ सालीं सुरू झालें. लेस्टरचा सिडनी न्यूटन हा छायाचित्रकार त्या वेळीं ऐन विशींत होता. कांचेवरील प्लेटा व अवजड कॅमेरा घेऊन तो कामाच्या जागीं हिंडला. वाफेचीं खोदयंत्रें, अर्धवट उभ्या कमानी व पूल त्यानें टिपलेच. परंतु मातीनें माखलेले मजूर व त्यांच्या लांकडी झोंपड्या यांकडेही त्याची दृष्टि वळली.

या छायाचित्रांचें खरें मोल येथें आहे. कंपनीच्या हिशेबांत मजूर हा केवळ मजुरीचा आंकडा असतो. काम संपलें कीं तो पुढल्या खोदकामाकडे जातो, आणि पुलावर त्याचें नांव कोणी कोरीत नाहीं. न्यूटनच्या प्लेटांवर मात्र त्याचा चेहरा उरला आहे.

१८९९ च्या १५ मार्च रोजीं या मार्गावर उतारूंच्या गाड्या धांवूं लागल्या. लेस्टरमध्यें विटांच्या कमानींवरून त्या शहर ओलांडीत. तथापि शहरांत आधींच मिडलंड कंपनीचा मार्ग होता. पुढें मोटारींची स्पर्धाही वाढली, आणि १९६९ सालीं लेस्टर सेंट्रल स्थानक बंद झालें. कायम टिकावा म्हणून बांधलेला मार्ग सत्तर वर्षांतच मोडला. आज लफबरोपासून लेस्टरच्या उत्तर सीमेपर्यंतच्या सुमारें आठ मैलांवर हौशी स्वयंसेवक वाफेच्या गाड्या चालवितात.

न्यूटनचा संग्रह लेस्टरशायरच्या दफ्तरखान्यांत सुरक्षित आहे. लोखंडाचे रूळ उखडले गेले. कांचेवरचीं माणसें मात्र राहिलीं. शहराचा इतिहास लिहितांना त्यांनाही साक्षीला बोलावणें, हेंच त्या श्रमांचें उचित स्मरण होय.