यकीन आणि खातरजमा

घरात आपण 'यकीन' म्हणतो आणि उंबरठा ओलांडला की 'खात्री'. दोन्ही शब्द मूळचे अरबीच. 'खातिर' म्हणजे मन, 'जमा' म्हणजे गोळा झालेलं. फारसीत खातिरजमा म्हणजे मन शांत, निश्चिंत असणं. मराठीने त्याला कामाला लावलं. आज खातरजमा म्हणजे चौकशी करणं, पडताळणं. मला हे फार आवडतं. मनाची शांती हवी तर आधी विचारपूस करा!

आपल्याला मात्र शिकवलं जातं, यकीन म्हणजे प्रश्न न विचारणं. मग कुरआनातल्या इब्राहिम अलैहिस्सलामांचं काय? मेलेल्यांना तू जिवंत कसं करतोस ते दाखव, असं त्यांनी थेट अल्लाहला विचारलं. ईमान होतंच, पण मनाला स्वस्थता हवी होती. त्यांना कोणी दटावलं नाही, दाखवलं गेलं.

कुरआनात यकीनच्या तीन पायऱ्या येतात : इल्मुल-यकीन, ऐनुल-यकीन, हक्कुल-यकीन. जुने आलिम आगीचं उदाहरण देत. धूर पाहून आग ओळखणं, डोळ्यांनी ज्वाळा पाहणं आणि प्रत्यक्ष चटका बसणं. आपलं बरंचसं यकीन तर धुराच्याही अलीकडचं, मोबाईलवर आलेलं असतं. इमाम गझाली तर डोळ्यांवर आणि अकलेवरही शंका घेऊन बसले होते, जवळपास दोन महिने. तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे 1095 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातली मानाची जागाही त्यांनी सोडली.

फिकहमध्ये एक कायदा आहे : शंकेने यकीन जात नाही. वुजू केल्याचं पक्कं आठवतंय, तो तुटला की काय अशी नुसती शंका आली, तर वुजू कायम. हाच कायदा माणसालाही लागू होतो. पुरावा मिळेपर्यंत तो निर्दोष.

आपल्या पोराला नुसत्या नावावरून संशयित ठरवलं की आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण मोहल्ल्यात कोणी म्हणतं, 'अमक्याची मुलगी कोणाशी तरी बोलताना दिसली', आणि आठवडाभरात तिचं कॉलेज बंद. तिला कोणी विचारलं? ज्याने पाहिलं म्हणतात, त्याला तरी? वुजूला आपण जेवढी सवलत देतो, तेवढीही त्या मुलीला देत नाही.

माझं एवढंच. आता तुम्ही विचारा. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरुवात करू.