भट्टीच्या वहीत बाईचं नाव
(शहापूर-मुरबाडच्या गावबैठकीतलं बोलणं, दसरा 1990)



दिवाळी झाली की आपले पाडे रिकामे होणार. भिवंडी, पडघा, टिटवाळा, कल्याण, जिकडे भट्ट्या लागतात तिकडे आपण जाणार. शेठचा माणूस बयाणा घेऊन फिरायला लागलाच आहे. बयाणा हातात घेतला की करार झाला. कागद नसला तरी तो करारच.

तो बयाणा वहीत कुणाच्या नावावर लिहितात? घरधन्याच्या. आणि विटा कोण पाडतं? दोघं मिळून. चिखलाला, साच्याला, डोक्यावरून वाहायला बाई बरोबरीने. तरी वहीत नाव एक, हजारी मजुरी त्याच नावावर. आता बाई बाळंत झाली. विटा निम्म्या पडतात, पण खर्ची तेवढीच लागते, वर औषधपाणी. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा ते दिवस उचलीत चढलेले असतात. म्हणजे बाळंतपण हे कर्ज झालं. फेडायला पुढच्या साली पुन्हा त्याच शेठकडे. वेठबिगार बंदीचा कायदा 1976 साली झाला, तरी वेठ अशी मागच्या दाराने येते.

खरं तर बाळंतपणाची भरपगारी रजा 1961 च्या कायद्यात आहे. एकूण बारा आठवडे, त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त सहा. नंतरचे सहा आठवडे तर बाईला कामाला लावणं हाच गुन्हा. पोट पडलं तरी सहा आठवडे भरपगारी. कामावर परत आल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा अंगावर पाजायला सुट्टी. आधी 160 दिवस काम भरावं लागे, जानेवारी 1989 पासून 80 पुरतात. दिवाळी ते होळी धरा, 80 दिवस सहज भरतात. कितवं मूल हे कायदा विचारत नाही. आणि करारात काहीही ठरलेलं असो, कायद्यापेक्षा कमी देणारा करार चालत नाही.

मुंबईच्या कायदेमंडळात 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या हक्काच्या बाजूने बोलले, 1929 साली कायदा झाला. तो गिरणी-कारखान्यातल्या बायांना मिळाला. साठ वर्षं झाली, भट्टीवर अजून पोचला नाही.

शेठ म्हणेल, माझी भट्टी कारखाना नाही. तर ऐका. वीज-इंजिन न वापरता वीस माणसं राबत असली की कारखान्याचा कायदा लागतो. चौदा जोडपी म्हणजे अठ्ठावीस माणसं. पण वहीत चौदाच नावं! बाईचं नाव लपवलं की तिची रजा तर जातेच, सगळी भट्टीच कायद्याबाहेर दाखवता येते. गड्यांनो, यात तुमचंही नुकसान आहे.

प्लॉटच्या दाव्याला दंडाची पावती किती कामाला येते ते आपण बघतोच. 1978 च्या आधी जमीन कसत होतो हे सगळ्या गावाला माहीत, पण पावती नाही तर साहेब ऐकत नाही. इथंही तसंच. म्हणून बयाणा घेतानाच सांगायचं, दोघांची नावं वेगळी लिही, बाईची मजुरी वेगळी लिही. तो लिहो न लिहो, आपली वही आपण ठेवायची. कामाचा प्रत्येक दिवस, रोजच्या विटा, खाडा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून. दिवस गेले की नर्सबाईकडून कागद घ्यायचा आणि शेठला लेखी कळवायचं. अर्ज संघटना लिहून देईल. आधीचे पैसे त्या कागदावर मिळतात, उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यावर 48 तासांत.

आता खरी अडचण. शेठ म्हणेल, पोटुशी बाईचं जोडपंच नको. एका पाड्याने नाव मागितलं तर तो पुढच्या पाड्यावर जाईल. म्हणून हे एकट्याचं काम नाही. बयाणा घ्यायच्या आधी प्रत्येक पाड्याने बैठक घ्यावी आणि काय ठरलं ते शेजारच्या पाड्याला त्याच दिवशी कळवावं. मागच्या साली ज्यांच्या बाळंतपणाचे दिवस उचलीत चढले, त्या बायांनी हिशेबाची चिठ्ठी असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या.