खाली आच, वर निखारे

कोकण आणि गोव्याच्या स्वयंपाकघरांत भाजून होणारे गोड पदार्थ घरोघरी ओव्हन येण्याच्या पुष्कळ आधीपासून केले जात. भाजण्यासाठी पदार्थाला खालून आणि वरून कोरडी, मंद आच मिळावी लागते. चुलीवरच्या भांड्याला खालची आच आपोआप मिळते. वरची आच मिळावी म्हणून भांड्यावर जाड झाकण ठेवून त्यावर निखारे पसरत. आच कमी करायची झाली तर निखाऱ्यांवर राख घालायची, वाढवायची झाली तर राख झटकायची. घरच्या जुन्या भाजलेल्या गोडांचे सगळे मर्म या दोन आचांच्या तोलात आहे. हा तोल समजला की साधन बदलले तरी पदार्थ बिघडत नाही.

याचे सर्वांत साधे उदाहरण म्हणजे कोकणातले धोंडस. गोव्यात त्याच्या जवळच्या पदार्थाला तवसळी म्हणतात. पावसाळ्यात मांडवावर धरणारी मोठी काकडी, म्हणजे तवसे, जून होऊन पिवळे पडले की धोंडसासाठी योग्य होते. त्याची साल आणि निबर बिया काढून गर किसतात. किसाला सुटलेले पाणी टाकायचे नसते, कारण त्याच पाण्यात रवा शिजतो. साधारण दोन वाट्या कीस, दीड वाटी तांदळाचा रवा, एक वाटी चिरलेला गूळ आणि अर्धी वाटी ओले खोबरे हे प्रमाण घरगुती आहे. काकडी किती पाणी सोडते त्यावर रव्याचे प्रमाण थोडे कमीजास्त करावे लागते. रवा आधी थोड्या तुपावर खमंग भाजतात. कीस, गूळ आणि चवीपुरते मीठ उकळत ठेवून त्यात रवा घालतात आणि मिश्रण घट्ट होईपर्यंत हलवतात. वेलदोड्याची पूड आणि काजू घालून ते तूप लावलेल्या जाड बुडाच्या टोपात थापतात. टोपाच्या तळाशी हळदीचे पान घातले तर त्याचा वास साऱ्या धोंडसाला लागतो. मग खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून ते भाजले जाते. त्यात अंडे नसते आणि फुगवण्यासाठी काही घालावेच लागते असेही नाही. रवा पाणी शोषून फुलतो आणि कडेचा गूळ भाजून तांबूस, खरपूस होतो. आजच्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर त्याला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या बेबिंकेत वरच्या आचेचे महत्त्व सर्वांत जास्त. नारळाचे दाट दूध, अंड्यांचे पिवळे बलक, साखर, थोडा मैदा, तूप आणि जायफळ एवढेच तिचे साहित्य. नाताळच्या सणात तिला मानाचे स्थान असते. मिश्रण पातळ असते आणि ते सगळे एकदम ओतत नाहीत. भांड्याला तूप लावून पहिला थर ओततात आणि तो घट्ट होऊन वरून तपकिरी झाला की त्यावर चमचाभर तूप सोडून दुसरा थर घालतात. दुसऱ्या थरापासून भाजणारी आच मुख्यतः वरचीच असते. खालची आच तेवढीच जोरात ठेवली तर पहिला थर करपतो. पूर्वी ही वरची आच नारळाच्या सोडणांच्या आणि करवंट्यांच्या निखाऱ्यांची असे. प्रत्येक थराची वरची बाजू तेवढी गडद होत असल्याने कापल्यावर फिक्या आणि गडद रेघा आळीपाळीने दिसतात. परंपरेने निदान सात थर असतात. सोळा थरांचीही बेबिंका करतात. थर जितके जास्त तितका वेळ जास्त, त्यामुळे हे काम कित्येक तास चालते. घरच्या ओव्हनमध्ये पहिल्या थरानंतर फक्त वरची कॉइल, म्हणजे ग्रिल, चालू ठेवली की झाकणावरच्या निखाऱ्यांचे काम होते. बेबिंका पूर्ण थंड झाल्याशिवाय कापू नये, नाहीतर थर तुटतात. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले.

नानकटाईचा मार्ग वेगळा. ती घरच्या चुलीवर क्वचित झाली. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि गावांत दिवाळीपूर्वी आणि मे महिन्याच्या सुटीत मैदा, साखर आणि तुपाचे डबे घेऊन बायका-मुले जवळच्या बेकरीत जात. तिथे पीठ मळून ट्रे लाकडाच्या भट्टीत सरकवले जात आणि भाजलेली नानकटाई भरून डबे घरी येत. भट्टीच्या विटा आधी तापवलेल्या असल्याने सगळीकडून सारखी आच लागे. घरी करताना दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर हे प्रमाण सोपे पडते. थोडे बेसन किंवा बारीक रवा घातला तर खुसखुशीतपणा वाढतो. तूप पातळ नसावे, घट्ट रवाळ असावे. ते साखरेबरोबर हाताने फेसून पांढरट आणि हलके करायचे असते, कारण या फेसण्यातून आत शिरलेली हवा नानकटाईला हलकेपणा देते. त्यात चिमूटभर सोडा आणि मैदा मिसळून जेमतेम गोळा होईल इतकेच मळावे. जास्त मळले तर मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई कडक होते. पातळ तूप वापरले तर ती ट्रेमध्ये पसरून चपटी होते. १६० ते १७० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. ओव्हनमधून काढताना ती मऊ लागते आणि गार झाल्यावर घट्ट होते, म्हणून कडक होण्याची वाट पाहत आत ठेवू नये.

घरात केक करण्याची हौस वाढली तेव्हा झाकणाला काच असलेले ॲल्युमिनियमचे गोल विजेचे ओव्हन आले. ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांनी वाळू किंवा मीठ घातलेल्या जाड भांड्यात, नाहीतर कुकरमध्ये रव्याचा केक केला. दही किंवा दुधात रवा अर्धा तास भिजवून त्यात साखर, तूप आणि सोडा घालून तो होतो. अंडे लागत नाही. कुकर वापरायचा तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवावी, आत पाणी घालू नये आणि वाळूवर जाळी ठेवून तो दहा मिनिटे आधी तापवावा. वाळू खालची आच मंद आणि सारखी करते, पण वरची आच देत नाही. म्हणूनच कुकरमधला केक आतून छान होऊनही वरून फिका राहतो. सोयीस्कर सपाट झाकण असेल तर त्यावर तापलेला लोखंडी तवा ठेवून हा फिकेपणा काहीसा कमी करता येतो.

भाजून झाल्याची खूण प्रत्येकाची वेगळी. धोंडस आणि रव्याच्या केकमध्ये विणायची सुई खुपसली तर ती कोरडी निघावी आणि पदार्थाने भांड्याची कड सोडावी. नानकटाईचा तळ हलका बदामी व्हावा. बेबिंकेचा थर बोट लावल्यावर चिकटू नये. ओले खोबरे आणि काकडीचे पाणी असलेले धोंडस पावसाळी हवेत एक-दोन दिवसांतच संपवावे. नानकटाई मात्र हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकते. नव्याने शिकणाऱ्याने रव्याच्या केकपासून सुरुवात करावी, मग नानकटाई आणि धोंडस करावे. आपल्या ओव्हनची वरची आणि खालची आच हाताला नीट कळली की मगच बेबिंकेला हात घालावा.