वेल्डिंग : जोडण्याकडून घडवण्याकडे

(उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मंडळाने मला वेल्डिंगवर बोलायला सांगितले, तेव्हा सौ. म्हणाल्या, "उत्सवात लोक नाटक बघायला येतात, तुमच्या ठिणग्या कोण बघणार?" तरीही आपण आलात, याबद्दल आभार.

समोरची मूर्ती बघा. पाषाणाची मूर्ती कोरताना कारागीर नको तो दगड काढून टाकतो; शाडूची घडवताना मातीवर माती चढवतो. कारखान्यात आपण बहुधा पहिल्या रीतीने काम करतो. विमानाचा टायटॅनियमचा भाग ठोकळ्यातून कोरताना कधी कधी दहा किलोतला जेमतेम एक किलो उरतो, बाकीचे स्क्रॅप! आता आर्क वेल्डिंगने दुसरी रीत धातूतही आणली आहे.

कल्पना साधी आहे. रोबोच्या हातात मिगची टॉर्च द्यायची. संगणक चित्राचे आडवे काप करतो आणि साधारण 1.2 मिमी जाडीची तार वितळून एकेक थर चढतो. थराची उंची एक-दोन मिमी. पोलादात तासाला काही किलो धातू बसतो. पावडर-लेसरच्या यंत्रात बहुधा काही शे ग्रॅमच. मात्र पृष्ठभाग खडबडीत येतो, शेवटचा हात मशिनिंगचाच. मिगऐवजी टिग किंवा प्लाझ्माही चालतो. मिगच्या एका सुधारित प्रकारात थेंब सुटताना तार क्षणभर मागे खेचली जाते. त्यामुळे उष्णता कमी आणि ठिणग्याही कमी.

हे अगदी नवे नाही. अमेरिकेत राल्फ बेकर यांनी आर्कने थरावर थर देऊन शोभेची भांडी बनवण्याच्या पद्धतीसाठी 1920 मध्ये अर्ज केला. पेटंट 1925 मध्ये मिळाले. पण रोबो आणि संगणक यायला पुढची कित्येक दशके जावी लागली. 2017 मध्ये हॉलंडमधील रॉटरडॅम येथे जहाजाचा 1,350 मिमी व्यासाचा ब्राँझचा पंखा 298 थरांत तयार झाला आणि तपासणी संस्थेने तो मान्य केला. ॲमस्टरडॅमच्या कालव्यावर याच रीतीने केलेला सुमारे 12 मीटरचा स्टेनलेस स्टीलचा पादचारी पूल 2021 मध्ये खुला झाला. परवानगी मर्यादित काळाची होती. 2023 मध्ये तो काढण्यात आला.

आता खरी अडचण सांगतो, ती म्हणजे उष्णता. नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यात झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा भर द्यायचा होता. वरून घाई होती. आमचा जुना वेल्डर म्हणाला, "साब, थोडा ठंडा होने दो. एक बार इधर, एक बार उधर डालेंगे." मी डिग्रीवाला! ऐकले नाही, एकाच बाजूने सलग भर घालायला लावला. शाफ्ट वाकला, मशीन आणखी चार दिवस बंद राहिले. ठपका त्या वेल्डरवर आला आणि मी गप्प बसलो. ती गोष्ट अजून सलते.

रोबोलाही तोच नियम लागू आहे. आधीचा थर पुरेसा निवण्याआधी पुढचा चढवला, तर भिंत ढासळते, धातूचे कण मोठे होतात. आतले ताण साठून खालची प्लेट वाकते. ॲल्युमिनियमच्या तारेला ओल लागली तर सूक्ष्म छिद्रे पडतात. टायटॅनियम तापलेले असताना हवा लागली तर ते ठिसूळ होते, म्हणून आर्गॉनचे आवरण हवेच. किती थांबायचे, कोणत्या बाजूने जायचे, हे संगणकाला कोणीतरी सांगावे लागते. त्या वेल्डरला ते ठाऊक होते, माझ्या डिग्रीला नव्हते.

म्हणून आपल्या टाउनशिपमधल्या आयटीआयच्या मुलांना सांगावेसे वाटते : रोबोला घाबरू नका. संगणक जरूर शिका, पण आधी हातात टॉर्च धरा, आर्कचा आवाज ओळखायला शिका. आणि इंजिनियर होणाऱ्या मुलांनो, शॉपमधला जुना माणूस "थांबा" म्हणाला, तर थांबा.