ऊणोदरी आणि उणीव

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा लिखित मसुदा)



जैन परंपरेने बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिला अनशन आणि दुसरा ऊणोदरी, ज्याला अवमौदर्य असेही म्हणतात. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, हा त्याचा सरळ अर्थ. ह्या तपाला दोन गोष्टी लागतात. पोटात भूक असावी लागते आणि ती आवरण्याचा निश्चय मनात जागा असावा लागतो. ज्याला भूकच लागत नाही, त्याचे कमी खाणे ही ऊणोदरी नव्हे. ती उणीव होय. आजच्या विषयाचे सार एवढ्या एका भेदात आहे, आणि नेमका हाच भेद घरोघरी विसरला जातो.

एखाद्या घरातील पंचाहत्तरीच्या आजी डोळ्यांसमोर आणाव्यात. सकाळी नवकारसी झाल्यावर अर्धा कप चहा आणि एक खाकरा. दुपारी दीड फुलका, अर्धी वाटी पातळ वरण, थोडी भाजी आणि दोन घास भात. चार वाजता पुन्हा चहा. सूर्यास्तापूर्वी वाटीभर मुगाची खिचडी आणि ताक. सून आग्रह करते, तेव्हा आजी म्हणतात, ‘पुरे बाई, आता ह्या वयात कशाला हवे जास्त?’ घरातले कौतुकाने सांगतात की आजींचा आहार किती संयमित आहे! मात्र वर्षभरात आजींच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागतात, जिना चढताना त्यांना कठड्याचा आधार लागतो, आणि एके दिवशी न्हाणीघरात तोल जातो. मग सारे म्हणतात, ‘वय झाले.’ हिशेब कोणीच मांडलेला नसतो.

तो मांडून पाहावा. वरील आहाराचे उष्मांक, म्हणजे ज्यांना सर्वजण कॅलरी म्हणतात ते, जेमतेम सातशे-आठशे भरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या कोष्टकाप्रमाणे ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १,६६० आणि ६५ किलो वजनाच्या अशाच पुरुषाला २,११० उष्मांक लागतात. उतारवयात ही गरज काहीशी घटते हे खरे, परंतु ती निम्म्यावर येत नाही. जमा सातशेची आणि खर्च त्याच्या जवळजवळ दुप्पट, असा रोजमेळ कोणत्याही पेढीवर फार दिवस चालत नाही. तूट भरून काढण्यासाठी शरीर आधी साठवलेली चरबी आणि मग मुद्दलच, म्हणजे स्नायू, खर्ची घालते. म्हातारपणी गेलेले स्नायू परत मिळवणे अतिशय कष्टाचे असते.

कमी आहाराने माणसाचे काय होते, ह्याचा एक काटेकोर अभ्यास १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. दुसऱ्या महायुद्धाने युरोपात असंख्य माणसे अन्नावाचून खंगली होती आणि त्यांना पुन्हा सावरायचे कसे, हा प्रश्न समोर होता. शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज ह्यांनी ३६ तरुण स्वयंसेवक निवडले. शस्त्र हाती घेण्यास सदसद्विवेकाला स्मरून नकार दिलेले हे तरुण होते. युद्धात मारण्याऐवजी भुकेल्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून त्यांनी स्वतःचा देह प्रयोगासाठी दिला. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाने त्यांचे स्मरण अवश्य ठेवावे. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,६०० उष्मांकांचे अन्न मिळाले. वजन जवळजवळ चतुर्थांशाने उतरले; नाडी मंदावली, पायांवर सूज आली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. हसतमुख तरुण चिडचिडे आणि एकलकोंडे झाले.

ह्या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. पुन्हा आहार सुरू केल्यावर काहींना जीवनसत्त्वांच्या गोळ्या, तर काहींना जादा प्रथिने देऊन पाहण्यात आली. त्यांनी फारसा फरक पडला नाही. अन्नाचे एकूण उष्मांक भरपूर वाढवले, तेव्हाच शरीर भरू लागले. हे निष्कर्ष १९५० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. टॉनिकची बाटली आणली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा. तरुणांना निदान भूक छळत होती. वृद्धांची भूकच मालवते, म्हणून त्यांची तूट कोणाच्या ध्यानी येत नाही.

भूक का मालवते, ह्याचा शोध आधी घ्यावा. कवळी सैल झालेली असते, बद्धकोष्ठता असते, एखाद्या औषधाने तोंडाची चव गेलेली असते, थायरॉइड वा मधुमेह बिघडलेला असतो. पुष्कळदा जोडीदार गेल्यावर एकट्याने ताटावर बसणे नकोसे होते. सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, वजन शेकडा पाच किंवा अधिक घटले, म्हणजे पन्नास किलोच्या व्यक्तीचे अडीच किलो उतरले, तर वैद्यकीय तपासणी टाळू नये. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून ते वहीत लिहावे, आणि तीन दिवस खाल्लेला प्रत्येक पदार्थ टिपून ठेवावा. अंदाज चुकतो, वही चुकत नाही.

उपाय करताना पहिला नियम असा, की ताट वाढवू नये, घास भारी करावा. भरलेले ताट पाहूनच वृद्धांचे मन उडते. एक ग्रॅम प्रथिनांत वा पिठूळ पदार्थांत सुमारे चार, तर एक ग्रॅम स्निग्धात नऊ उष्मांक असतात. वरणावर छोटा चमचाभर तूप सोडले की न कळत पंचेचाळीस उष्मांक वाढतात. भाजीत दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे कूट घातले, तर शंभराहून थोडे अधिक. तिळाची चटणी, खोबरे, बदामाची पूड ही त्याच जातीची. ज्यांना हृदयविकारामुळे तूप वर्ज्य सांगितले आहे, त्यांनी शेंगदाणे, तीळ, बदाम ह्यांचाच आधार घ्यावा.

दुसरा नियम वेळेचा. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरात खाण्याचे तास मोजकेच असतात. हिवाळ्यात ते आणखी आखडतात. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान आहार ठेवावेत. नवकारसीनंतर दुधातली लापशी किंवा साजूक तुपातला शिरा. दहाच्या सुमारास केळे. दुपारी नेहमीचे जेवण, कूट व तूप घालून. साडेतीनला चहाऐवजी पेलाभर दूध आणि दोन खजूर. सूर्यास्तापूर्वी मऊ खिचडी. वाटीभर शिऱ्याचे अडीचशे, दुधाचे एकशेतीस, केळ्याचे नव्वद-शंभर, खजुराचे पन्नास, तूप व कुटाचे दोनशे धरले, तर सातशेचा आकडा चौदाशेच्या आसपास पोहोचतो. ह्यात कोणताही व्रतनियम मोडत नाही आणि एकही पदार्थ परका नाही. हा बदल एका दिवसात न करता तीन-चार आठवड्यांत पायरीपायरीने करावा. जेवणापूर्वी चहा वा भरपूर पाणी घेऊन पोट भरू नये. पाणी दोन आहारांच्या मध्ये, मात्र दिवसाकाठी पुरेसे घ्यावे.

तिसरा नियम प्रथिनांचा. केवळ शिरा आणि साखर ह्यांनी वजन वाढेल, बळ वाढणार नाही. प्रत्येक आहारात डाळ, दूध, दही, पनीर वा शेंगदाणे ह्यांपैकी काही असावे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कच्चे दही आणि डाळ निरनिराळ्या वेळी घ्यावी. दात नसतील तर पोळी दुधात वा वरणात कुस्करावी. ह्याच्या जोडीला खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे आणि मंदिरापर्यंत चालणे असावे, म्हणजे अन्न स्नायूंच्या कामी येते आणि भूकही जागते.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. फरसाण आणि मिठाई ह्यांनी आकडा वाढतो, प्रकृती सुधारत नाही. भूक वाढवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वरील आहार जसाच्या तसा न घेता आधी सल्ला घ्यावा. जो पुष्कळ दिवस जवळजवळ उपाशी आहे, त्याला एकदम भारी अन्न देणे तर धोक्याचेच. रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आदी क्षार घसरून हृदयावर संकट येऊ शकते. दीर्घ उपवासाच्या पारण्यास मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या आहाराने आरंभ करण्याच्या चालीत हेच शहाणपण आहे.

शेवटी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ उपाय. तो म्हणजे शेजारी बसून जेवणे. सूर्यास्तापूर्वी वडीलधारी एकटी जेवतात आणि बाकीचे घर रात्री दुकान बंद करून परतते. आठवड्यातून चार दिवस तरी मुलाने वा नातवाने त्यांच्या वेळी त्यांच्याबरोबर पाटावर बसावे. वाढलेले ताट पाहून जे मन ‘नको’ म्हणते, तेच मन नातवाच्या हातचा घास नाकारत नाही.

घरातील ज्येष्ठांनी तप अवश्य करावे. ते त्यांच्या इच्छेने, गुरूंच्या आज्ञेने आणि देहाची शक्ती पाहून व्हावे. परंतु ज्या दिवशी व्रत नाही, त्या दिवशीही त्यांचे ताट अर्धेच राहत असेल, तर त्याला संयम म्हणून नमस्कार करण्याआधी कोणीतरी जवळ जाऊन विचारावे, ‘आज भूक का नाही?’ ह्या एका प्रश्नाने कित्येक घरांतील आधार आणखी काही वर्षे टिकेल.

जय जिनेंद्र.