नगरपालिका एक, जमीनमालक दुसरा

बेल्जियममधील ओतिन्यी–लुव्हँ-ला-नव्ह या नगरपालिकेचे नाव मराठी जिभेला अवघडच. पण तिचा सारा इतिहास त्या जोडनावातच आहे. ओतिन्यी हे दिल नदीकाठचे, रेल्वे जंक्शनाभोवती वाढलेले जुने गाव. लुव्हँ-ला-नव्ह म्हणजे ‘नवे लुव्हँ’. शेतीच्या पठारावर विद्यापीठाने वसवलेल्या या शहराची कोनशिला १९७१ साली बसली.

ते वसवावे लागले भाषेच्या भांडणामुळे. १४२५ साली स्थापन झालेले विद्यापीठ ज्या ल्युव्हेन शहरात होते, ते डचभाषक प्रदेशातले. विद्यापीठाचा फ्रेंच विभाग येथून हलवा, ही मागणी साठीच्या दशकात पेटली. तिला नुसता भाषिक उन्माद म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रेंच ही त्या प्रदेशात दीर्घकाळ वरिष्ठ वर्गाची भाषा होती. १९६६ साली बिशपांनी विद्यापीठ अखंड राहील असा निर्णय दिला आणि असंतोष अधिकच भडकला. फेब्रुवारी १९६८ मध्ये याच प्रश्नावर बेल्जियमचे सरकार कोसळले, विद्यापीठ दुभंगले. ग्रंथालयाचीही वाटणी झाली, तीही बव्हंशी क्रमांकांच्या सम-विषमतेने! १९१४ साली जर्मन सैन्याने जाळलेले आणि देशोदेशींच्या देणग्यांतून पुन्हा उभे राहिलेले ते ग्रंथालय.

नव्या जागी विद्यापीठाने कुंपणातले संकुल न बांधता शहर बांधले, हा त्याचा मोठेपणा. शहराचा मध्यभाग पादचाऱ्यांचा. मोटारी आणि रेल्वे त्याच्या फरसबंदीखालून जातात. घरांसाठीची जमीन विकली नाही, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. जमिनीच्या सट्ट्याला त्यामुळे आळा बसला, आणि समाजवाद्यांना ही गोष्ट पटण्यासारखी आहे.

परंतु खरा प्रश्न येथेच सुरू होतो. १९७७ च्या पुनर्रचनेत ओतिन्यी, सेरू-मुस्ती आणि लिमलेत मिळून एक नगरपालिका झाली. नव्या शहराचा कारभार या निर्वाचित सभेकडे आला, जमिनीची मालकी मात्र विद्यापीठाकडेच राहिली. खासगी सट्टेबाज हटला म्हणजे जमीन जनतेची झाली, असे नव्हे. आणि ज्यांच्या नावाने शहर उभे राहिले, त्या हजारो विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची नोंद आई-वडिलांच्या गावी असते. येथील निवडणुकीत त्यांना मत नाही.

२००५ साली शहराच्या मध्यभागी ‘एस्प्लानाद’ हे प्रचंड व्यापारी केंद्र उघडले. त्याच्या विस्ताराची योजना आली तेव्हा नागरिकांनी सह्या गोळा केल्या, आणि २०१७ साली नगरपालिकेला लोकमत आजमावावे लागले. सोळा वर्षांवरील रहिवाशांना मत होते. मतदान केलेल्यांनी मोठ्या बहुमताने विस्तार नाकारला. अशा कौलाचे बंधन कायद्याने कोणावर नसते, तरी विद्यापीठाने आखलेल्या शहरात रहिवाशांचा आवाज प्रथमच इतका स्पष्ट मोजला गेला. मत देण्याचा हक्क जुन्या ओतिन्यीच्या रहिवाशांनाही होता. भाड्याच्या खोल्यांत राहणारे बहुसंख्य विद्यार्थी, त्या केंद्राचे गिऱ्हाईक असूनही, मोजणीबाहेरच राहिले.